लाल दोऱ्याचे आंबे

रत्नागिरीत पहिली काही वर्षं लोक मला ‘पाल्याचे साहेब’ म्हणत, नंतर ‘आंब्याचे साहेब’ म्हणू लागले. त्यात बढती कुठली आणि उतरण कुठली, हे मला निवृत्त झाल्यावरही ठरवता आलेलं नाही. साहेब तर मी कधीच नव्हतो. शेतकी खात्यातला एक साहाय्यक, पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकलेला, डोक्यावर हॅट असलेला. एवढ्या भांडवलावर तो किताब मिळाला होता.

माझं पहिलं काम म्हणजे रानातल्या वनस्पती ओळखणं. ऐकायला हे फार सोपं वाटतं. आमच्या एका शेजाऱ्यांना तर मी पगार कशाचा घेतो हेच कळत नसे. ‘पानं गोळा करायला गुराखी काय कमी आहेत?’ असं ते माझ्या तोंडावर म्हणत. तर या धंद्याची खुबी अशी, की वनस्पतीची ओळख पानावरून क्वचितच पटते. फूल लागतं, फळ लागतं, कधी मूळही लागतं. शिवाय लोकांच्या तोंडचं नाव दर दोन खाड्यांनी बदलतं. दापोलीकडे जिला एक नाव, तिला राजापुराकडे दुसरं, आणि मधे संगमेश्वरात तेच नाव भलत्याच झुडपाला. म्हणून आम्ही फुलाफळासकट फांदी आणायची, टिपकागदात घालून फळ्यांच्या चौकटीत पट्ट्यांनी आवळायची, रोज कागद बदलून वाळवायची आणि जाड कागदावर शिवून तिच्याखाली गाव, जमीन, तारीख लिहायची. पावसाळ्यात कोकणात टिपकागद सुकत नाही. त्यामुळे आमच्या घरी चुलीपाशी आधी वनस्पती वाळत आणि मग भात शिजे. माझ्या बायकोने हे पाच पावसाळे सहन केलं. सहाव्या पावसाळ्यात तिने खात्यासाठी वेगळी चूल मांडून दिली आणि लाकडं मी फोडायची असं ठरवून टाकलं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक निवृत्त शिरस्तेदार दर आठवड्याला लिफाफ्यात एक पान घालून आणत आणि ‘याचं इंग्रजी नाव सांगा’ म्हणत. मी म्हणायचो, फूल आणा. ते शांतपणे सांगत, ‘फूल देवाला वाहिलं.’ असं वर्षभर चाललं. शेवटी त्यांच्याच परसात जाऊन मी ते झुडूप पाहिलं, तर ती साधी रानतुळस निघाली. त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांना काहीतरी दुर्मीळ हवं होतं आणि ते मी देऊ शकलो नाही, हा माझा अपराध.

बुरोंडीच्या किनाऱ्यावरची एक कोळीण मात्र मला सगळ्यांत शहाणी वाटते, आणि तिच्याकडून जे शिकायला हवं होतं ते मी शिकलो नाही, म्हणून तिची गोष्ट सांगतो. वाळूतल्या मर्यादवेलीवर एक रोग पडला होता. पानांवर पिवळे फोड यायचे. मला तशी पानं हवी होती. मी तिला सांगितलं, ‘बाई, उद्या परतताना नेईन, थोडी वेल काढून ठेवा.’ दुसऱ्या दिवशी तिने वेलीची जुडी पुढे केली. धुतलेली, सुतळीने नीट बांधलेली, एकूण एक पान हिरवंगार. फोड आलेली पानं तिने निवडून फेकून दिली होती.

‘रोगट पानंच पाहिजे होती हो,’ मी कळवळून म्हटलं.

‘सरकारच्या मानसाला किडका माल कोन देईल?’ ती म्हणाली. तिच्या आवाजात माझ्याबद्दल कीव होती.

मी हसलो, ही गंमत चार ठिकाणी सांगितली आणि विसरून गेलो. विसरायला नको होती.

पुढे खात्याने मला आंब्यावर घातलं. तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात एकच ध्यास होता, हापूस विलायतेला पोहोचवायचा. आगबोटीत बर्फासारख्या गार खोल्या असत, त्यात फळ ठेवलं तर तीन आठवडे पिकायचं थांबतं, असं कागदावर दिसत होतं. प्रत्यक्षात काही फळं तिकडे नीट पिकत आणि काही काळवंडून सुरकुतत. का? आमचा कयास असा, की सगळं तोडणीवर आहे. फळ झाडावरून नेमकं कधी उतरवायचं हे कळलं, तर निम्मी लढाई जिंकली.

बागायतदाराला ही पारख डोळ्यांनी येते. कोवळ्या आंब्याचे खांदे देठाच्या खाली उतरते असतात. आंबा जून झाला की खांदे भरतात आणि देठ खळगीत बसल्यासारखा दिसतो. मोहोर दोनतीन खेपांनी येत असल्यामुळे एकाच झाडावर दोन्ही प्रकारची फळं एका वेळी मिळतात. मी ठरवलं ते असं: निवडलेल्या कलमांवर कोवळ्या फळांच्या देठाला लाल दोरा बांधायचा, जून फळांना पांढरा. दोन्ही एकाच दिवशी काढायची, वेगवेगळ्या पेट्यांत भरायची, आगबोटीने मुंबईला पाठवून तिथल्या गार खोलीत तीन आठवडे ठेवायची, मग बाहेर काढून कुठली पिकतात ते पाहायचं. तिथे आमचा एक सहकारी नोंदी ठेवी.

यासाठी मी गावाबाहेरच्या सड्यावरची, म्हणजे वरच्या जांभ्याच्या उघड्या माळावरची, एक लहानशी बाग निवडली. बाग राघोतात्यांची. कातळात सुरुंग लावून खड्डे केले, खालून डोक्यावर माती वाहून आणली आणि एकेक कलम वाढवलं, ते त्यांच्या वडिलांनी आणि त्यांनी. पंचक्रोशीत त्या आंब्याला तोड नव्हती. तात्या साठीच्या घरातले, बारीक चणीचे, कमी बोलणारे. कुठल्याही ढिगातून आंबा उचलून ‘हा माझ्या अमक्या कलमाचा’ असं ते सांगत, आणि मी दोनदा परीक्षा घेतली तेव्हा दोन्ही वेळा ते बरोबर निघाले. आमच्या पाठ्यपुस्तकात या शास्त्राला नाव नव्हतं.

दोन हंगाम प्रयोग चालला. दोरे मी स्वतः बांधत असे. तोडणीच्या दिवशी मात्र तात्या मला उन्हात उभं राहू देत नसत. ‘सायेब, तुमी ओटीवर बसा. झेला काय आमाला नवा हाय?’ झेला म्हणजे लांब काठीच्या टोकाची जाळी. फळ देठासकट अलगद तीत उतरवायचं. मी ओटीवर बसे. तात्यांच्या घरची घावनं आणि नारळाचा रस पुढे येई. तिकडे तात्या फळं काढत, पेंढ्यात रचत, पेट्यांना खिळे मारत, आणि मी झाकणांवर ‘लाल’, ‘पांढरा’ असं सुबक अक्षरात लिही. माझं अक्षर चांगलं आहे. त्या दोन वर्षांत तोडणीला माझा एवढाच हात लागला, हे आज लिहितानाही लाज वाटते.

निकाल मात्र असा आला की आमची कचेरी खूश झाली. लाल पेट्यांतली फळं पांढऱ्याइतकीच सुरेख पिकत होती. अर्थ उघड होता: आंबा जून होईपर्यंत थांबायची गरज नाही. कोवळा, कडक असतानाच उतरवावा. तो प्रवासात मार कमी खाईल, बाजारात लवकर पोहोचेल. माझे वरिष्ठ पुण्याकडचे, शिस्तीचे आणि तडफदार गृहस्थ. त्यांनी बागायतदारांसाठी पत्रक छापायला दिलं. माझी पुण्याच्या प्रयोगशाळेत बदलीची शिफारसही त्यांनी केली. ती जागा मला हवी होती. फार हवी होती.

तिसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला मी एक जोडप्रयोग काढला. पाण्यात टाकलं तर कोवळं फळ तरंगतं, जून फळ बुडतं. बागायतदारांना समजावायला ही साधी युक्ती बरी, असं वाटलं. तात्यांची तोडणी चालू होती. मी ओटीवरून उठलो, अंगणात भरून ठेवलेली लाल पेटी उघडली आणि बादलीत एक आंबा सोडला. तो तळाशी गेला. दुसरा सोडला, तोही गेला. बारा आंबे सोडले, बाराही बुडाले. प्रत्येकाच्या देठाला माझा लाल दोरा होता. पण गाठ माझी नव्हती. मी दोरा दुहेरी गाठीने बांधत असे. ही गाठ एकेरी होती.

मग मी आंबे हातात घेऊन पाहिले. खांदे भरलेले, देठ खळगीत. शाळकरी मुलालाही कळावं की ते जून आहेत.

‘तात्या,’ मी हाक मारली, ‘हे दोरे कोणी हलवले?’

तात्या झेला खांद्यावर घेऊन आले. बादलीत डोकावले. त्यांच्या चेहऱ्यावर काही अपराध केल्याची खूणही नव्हती.

‘मीच. का? काय झालां?’

‘मी बांधलेली फळं कुठं आहेत?’

‘झाडावर हाईत. कवळी होती ती. पंधरा दिवसांनी काढीन.’

‘कधीपासून हे करताय?’

‘पैल्या सालापास्नं.’ मग माझा चेहरा पाहून त्यांनी आवाज खाली आणला, जवळपास कोणी नसतानाही. ‘सायेब, तुमी घाटावरचे. कवळा-जून तुमाला कळायचा नाय, त्येच्यात लाजायचां काय? तुमी चुकीच्या फळाला दोरा बांधून जायचात, मी गप दुरुस्त करून घ्यायचो. मुंबैला पेटी उघडली आणि तुमाला कोन हसलां असतां, ता बरां दिसलां असतां? आणि माझ्या बागेतनं कवळा आंबा भाईर गेला, ता तरी बरां दिसलां असतां?’

मी अंगणातल्या पायरीवर बसलो. दोन वर्षं या माणसाने माझी अब्रू सांभाळली होती. मला न दुखवता, चारचौघांत न बोलता, एकेक दोरा सोडून दुसऱ्या फळाला बांधला होता. आणि मी त्यांना एकदाही नीट सांगितलं नव्हतं की मला कोवळं फळ मुद्दाम हवं आहे. सांगायची गरजच वाटली नव्हती. प्रयोग साहेबाने करायचा, झेला तात्यांनी धरायचा, अशी आमची वाटणी होती. मला त्या क्षणी बुरोंडीची ती बाई आठवली आणि स्वतःचा भयंकर राग आला.

मी त्यांना सगळं समजावलं. पत्रकाचं सांगितलं. ते ऐकून तात्यांनी झेला भिंतीला टेकवला. मग म्हणाले, ‘म्हंजे लोकं कवळा आंबा काढतील?’

‘काढतील.’

‘आणि तो पिकायचा नाय.’

‘मला वाटतं नाही पिकायचा. पण वाटून उपयोग नाही. आता खरोखरच पाहावं लागेल.’

वर्षाचं एकच पीक. ज्यांच्या घरात आंब्याखेरीज दुसरं काही नाही, त्यांनी सरकारवर भरवसा ठेवून अख्खी बाग कोवळी उतरवली असती.

कचेरीत गेलो तेव्हा पत्रकांचे गठ्ठे सुतळीने बांधून टेबलावर ठेवले होते. दुसऱ्या दिवशी तालुक्यांना जायचे होते. मी वरिष्ठांना सांगितलं, हे थांबवा.

‘दोन हंगामांचे आकडे आहेत तुमचे,’ ते म्हणाले.

‘आकडे खरे आहेत साहेब. आंबे खोटे आहेत.’

ते ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा तांबडा होत गेला. ‘त्या माणसाचा जबाब घ्या. लेखी. त्याने सरकारी प्रयोगात ढवळाढवळ केली आहे.’

‘तो माझ्या हाताखालचा नाही. माझा प्रयोग होता. मी ओटीवर बसलो होतो.’

‘तसं लिहून द्याल?’

‘देतो.’

‘पुण्याची जागा जाईल.’

‘जाऊ द्या,’ मी म्हटलं. हे मी मोठ्या धीराने म्हटलं असं आज सांगता येईल, पण खरं असं की घरी जाऊन मी बायकोशी विनाकारण भांडलो. जागा गेलीच. तिथे माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान माणूस लागला आणि पुढे माझाच वरिष्ठ झाला.

गठ्ठे मात्र थांबले. वरिष्ठांनी मला मुदत दिली: वैशाखात बागायतदारांची सभा होती, तोवर खरा निकाल आणा. महिनाभराचा प्रश्न होता. मी दुसऱ्या दिवशी सकाळी सड्यावर गेलो, हॅट काढून ठेवली आणि झाडावर चढलो. पस्तिशीत चढायला शिकणं सोपं नाही. तांबड्या मुंग्यांनी मानेपासून पोटरीपर्यंत फोडून काढलं. कोवळं फळ मीच निवडलं, मीच दुहेरी गाठ मारली, मीच झेला धरला. पहिले सहा आंबे खाली आदळले. प्रत्येक फळ बादलीत सोडून पाहिलं. तरंगलं तरच लाल पेटीत. पेट्यांबरोबर आगबोटीने मीच मुंबईला गेलो आणि गार खोलीच्या दाराशी दोन्ही पेट्या उघडून सहकाऱ्याच्या हाती दिल्या. आता मला कोणाचाही विश्वास नको होता. स्वतःचासुद्धा.

राघोतात्या त्या दिवसांत ओटीवरून उठले नाहीत. मी त्यांच्या हातातून झेला काढून घेतला होता, आणि तेही त्यांच्याच बागेत. घरातून पाणी येई, घावनं येत, पण ते स्वतः जवळ येत नसत. एकदा मी तोंडावर आपटता आपटता वाचलो, तेव्हा ओटीवरून त्यांचा आवाज आला, ‘उजवी फांदी पोकळ हाय, डावीवर पाय ठेवा.’ एवढंच. त्यांना वाईट वाटत होतं हे मला कळत होतं. दोन गोड शब्द मी तेव्हा बोलायला हवे होते. मी गाठी मोजत बसलो.

मुदत संपत आली तेव्हा पेट्या परत आल्या. पांढऱ्या पेटीतले आंबे चारसहा दिवसांत केशरी झाले, घरभर घमघमाट सुटला. लाल पेटीतले हिरवट-पिवळे होऊन थांबले. साल सुरकुतली, देठाशी काळं पडलं, कापले तर आत पांढुरका, आंबट, रबरासारखा गर. इतकं वाईट फळ पाहून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

पण पत्रक थांबलं तरी बातमी थांबली नव्हती. दलालांनी आधीच गावोगाव सांगून ठेवलं होतं की सरकार आंबा लवकर उतरवा म्हणतंय. कित्येकांनी तोडणीचे गडी ठरवले होते. त्यामुळे सभेला मांडवात माणूस मावत नव्हता, आणि सगळे मला ऐकायला नव्हे, फैलावर घ्यायला आले होते.

मी टेबलावर दोन ताटं मांडली. उजव्या ताटात पांढऱ्या दोऱ्याचे आंबे, डाव्यात लाल दोऱ्याचे. पुढे चिठ्ठ्या: ‘बाग क्रमांक तीन, जून’, ‘बाग क्रमांक तीन, कोवळे’. तीन हा तात्यांच्या बागेचा आमच्या दप्तरातला क्रमांक, त्यांचं नाव मी कुठेही लिहिलं नव्हतं. त्यांना मी एवढं तरी देणं लागत होतो.

मी बोलून थांबलो. पहिल्याच रांगेतला एक जाडजूड बागायतदार उठला. डाव्या ताटातला आंबा त्याने दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला.

‘हा असला आंबा आमच्याकडे गुरं पन खायाची नाईत. कुठल्या तरी पडीक बागेतला आनलाय. चांगल्या कलमाचा कवळा आंबा असा व्हायचाच नाय. सायेब, ही बाग तीन म्हंजे कोनाची?’

‘ते सांगता येणार नाही,’ मी म्हटलं.

मांडवात हशा पिकला. मागून कोणी ओरडलं, ‘मग आमी कसां मानायचां?’ त्यांचं बरोबर होतं. बाग कोणती हे कळल्याखेरीज माझ्या ताटाला काडीची किंमत नव्हती, आणि ते सांगायची माझी तयारी नव्हती. लोक उठायला लागले. महिनाभराची मेहनत डोळ्यांदेखत निघून चालली होती.

मांडवाच्या मागच्या खांबाशी डोक्याला मुंडासं बांधलेले राघोतात्या उभे असलेले मला तेव्हा दिसले. ते गर्दीतून वाट काढत पुढे आले. जाड माणसाच्या बोटांतला तो सुरकुतलेला आंबा त्यांनी काढून घेतला, उलटा केला, नाकाशी नेला.

‘हा माझ्या विहिरीकडच्या चवथ्या कलमाचा,’ ते म्हणाले.

उठलेले लोक परत बसले. तात्यांचं चौथं कलम रत्नागिरीत सगळ्यांना ठाऊक होतं.

‘ह्या चिठीवर काय लिवलांय?’ त्यांनी मला विचारलं.

‘बाग क्रमांक तीन.’

‘तीन कोन? माझां नाव लिवा.’

‘तात्या, नको.’

‘लिवा सायेब. मोठ्या अक्षरात लिवा. माझ्या कलमाचा कवळा काढला तर असा होतो, मग ह्यांच्या कलमांचा काय होईल, ता ह्यांना कळू दे.’

मी दौत पुढे ओढली. नाव मोठं लिहिलं, पण अक्षर चांगलं आलं नाही. तात्यांनी चिठ्ठी उचलून वाचून घ्यायला शेजारच्या माणसाला दिली, नाव बरोबर असल्याची खात्री केली आणि डाव्या ताटाला टेकवून ठेवली. मग ते त्या ताटापाशी उभे राहिले. लोक रांगेने येऊ लागले. प्रत्येकाच्या हातात तात्या स्वतः तो काळा पडलेला आंबा देत होते, दाबून पाहायला लावत होते. सभा संपेपर्यंत ते तिथून हलले नाहीत, आणि एवढ्या माणसांत एकालाही त्यांनी आपल्याच केशरी आंब्यांच्या उजव्या ताटाकडे बोट दाखवलं नाही.